मधला माणूस

स्मरणिकेसाठी लेख मागताना एका वर्गमित्राने फोनवर विचारले, "तू जन्मभर व्यवस्थापन शिकवलं, पण संशोधन म्हणे नाटकवाल्यांच्या ओळखीपाळखीवर केलं. हे कसलं रे संशोधन?" प्रश्न रास्त आहे. पीएच.डी.चा विषय मांडला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनीही हेच विचारले होते. त्यांना नीट उत्तर देता आले नव्हते. आज आपल्याच तालुक्याच्या आधाराने देऊन पाहतो.

या अभ्यासाची एक मोठी सुरुवात १९७३ सालची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, नव्या जागेची बातमी कोणाकडून कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सोपे आहे. घरच्यांना आणि गल्लीतल्यांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. दिल्लीत केळीला काय भाव आहे हे शेजारचा शेतकरी सांगू शकत नाही; बाहेर ये-जा असलेला माणूस सांगतो.

पुढे २००५ साली ब्रायन उझी आणि जॅरेट स्पायरो यांनी हीच दृष्टी कलेकडे वळवली. १९४५ ते १९८९ या काळातली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची ४७४ संगीत नाटके आणि त्यांत काम केलेले २,०९२ कलावंत त्यांनी तपासले. कोणी कोणाबरोबर काम केले याचे जाळे अगदी विरळ असेल तर नव्या कल्पना पोहोचत नाहीत. फार घट्ट झाले तर सगळे एकसारखाच विचार करू लागतात. यश मधल्या स्थितीत जास्त मिळते. मी स्वतः जुन्या हस्तपत्रिकांवरची नावे कार्डांवर उतरवून अशीच जाळी मांडत बसायचो. घरचे हसायचे.

आता आपल्याकडे या. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. त्याची सजावट करायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. बोस यांनी बांबू आणि इथल्याच साहित्यातून टिळकनगर उभे केले. बांबू इथला, चित्रकार बंगालचा; त्यांची गाठ घालणारा माणूस मधे होता.

याच तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे. 'कोसला' त्यांनी गावी राहून लिहिली, पण ती १९६३ साली वाचकांपर्यंत पोहोचली ती पुण्याच्या रा. ज. देशमुखांमुळे. एका नवख्या तरुणाच्या पहिल्याच कादंबरीवर त्यांनी विश्वास ठेवला.

आणि बहिणाबाई. आसोद्याची ही लेक १८८० साली जन्मली, अक्षर शिकली नाही, शेतात आणि घरात काम करता करता ओव्या रचत राहिली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आसोदा ते मुंबई या साखळीत कड्या मोजक्याच होत्या. त्यातली एक तुटली असती तर खानदेशाच्या या कवयित्रीचे नाव महाराष्ट्राला कदाचित कळलेही नसते.

मधल्या माणसाचे गुणगान मात्र मी आंधळेपणाने करत नाही. केळी पिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. कलेतही मधला माणूस नुसता माल पोहोचवत नाही, तो मोलही ठरवतो. मुक्ती खैरे आणि डॅनियल वाधवानी यांनी २०१० साली आधुनिक भारतीय चित्रकलेच्या बाजारावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. इतिहासकार, समीक्षक आणि लिलाव करणाऱ्या संस्था या चित्रांविषयी वेगळ्या शब्दांत बोलू-लिहू लागल्या, तशी त्यांची किंमत करण्याची रीतच बदलली, असे त्यांनी दाखवले. चित्रे तीच होती.

हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. पण एक गोष्ट वर्गात कधी सांगितली नाही. माझी आत्या पहाटे जात्यावर बसली की ओवीला ओवी जोडायची. काही ऐकलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. सासरच्या, पावसाच्या, गेलेल्या लेकराच्या. ती निरक्षर होती. मी आपल्या शाळेत पहिल्या बाकावर बसायचो, माझ्याजवळ वही होती, पेन होते. पुढे सुटीत घरी आलो की तिच्याजवळ बसायचो, पण मन परतीच्या भुसावळच्या गाडीत असायचे. परक्या शहरांतल्या नाटकमंडळींची नावे कार्डांवर उतरवली, तिची एक ओवी उतरवली नाही. ती गेली तेव्हा मी प्राध्यापक झालो होतो. आज मला तिच्या ओव्यांची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. त्या साखळीतली तुटलेली कडी मीच होतो.

म्हणून या मेळाव्यात जुने फोटो काढाल, मास्तरांच्या नकला कराल, ते कराच. पण आपण कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, कोणी परदेशात आहोत. वर्षानुवर्षे न भेटलेल्या अशा ओळखींतूनच नव्या वाटा निघतात. आणि ज्यांच्या घरी अजून आई, आत्या, मावशी आहे, त्यांनी घरी गेल्यावर तिच्याजवळ बसावे, फोनवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि शब्द वहीत उतरवून घ्यावेत. ते कोणाला दाखवायचे हे न कळले, तर मला पाठवा. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.