डेंग्यू हें नांव कोणाचें?

रोग ओळखणें आणि रोगाला नांव देणें या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरांत कोणास ताप भरला, अंग मोडून आलें आणि डॉक्टरांनीं 'डेंग्यू' हा शब्द उच्चारला, कीं निदान झालें असें मानून आपण औषधाच्या चिठ्ठीकडे वळतों. परंतु हा शब्द प्रथम ज्या तापासाठीं वापरांत आला तो ताप बहुधा आजचा डेंग्यू नव्हताच, असें सांगितलें तर पुष्कळांस नवल वाटेल. ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जावा बेटावरील बटाविया म्हणजे आजचें जाकार्ता. तेथें डच अंमलांत डेव्हिड बायलॉन नांवाचा एक वैद्य होता. १७७९ सालच्या मे महिन्याच्या २५ तारखेस, सायंकाळीं पांचच्या सुमारास, दोघां मित्रांशीं बोलत असतां त्याच्या उजव्या हातांत कळ उठली. ती चढत चढत खांद्यापर्यंत गेली आणि मग सर्वांगांत पसरली. रात्रीं तो तापानें फणफणत अंथरुणावर पडला. पांच दिवसांनीं तो घराबाहेर पडला खरा, पण तीन आठवडे उलटले तरी दोन्ही घोटे सुजलेलेच. सकाळीं उठल्यावर पाऊल टाकवेना, आणि जिन्याची चढउतार म्हणजे शिक्षाच झाली. हें सर्व त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे. वैद्य आणि रोगी एकच असण्याचा योग वाईट खरा, परंतु त्यामुळें वर्णन कसें नेमकें उतरलें आहे! त्या साथीला डच भाषेंत 'बोटांच्या पेरांचा ताप' अशा अर्थाचें नांव पडलें होतें.

पुढच्याच वर्षीं, १७८० सालीं, अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं तापाची एक साथ आली. बेंजामिन रश या प्रसिद्ध वैद्यानें तिचें वर्णन केलें. येथें दुखणें डोकें, पाठ आणि हातपाय यांचें. कित्येकांच्या डोळ्यांच्या बुबुळांतही असह्य वेदना. लोक त्याला 'हाडमोडा ताप' म्हणत. ताप गेल्यावर रोग्यास जी खिन्नता येई तिच्यामुळें याला 'हृदयमोडा ताप' म्हणणेंच अधिक शोभेल, असें एका तरुण स्त्रीनें रशला सांगितलें होतें. हीं दोन वर्णनें शेजारीं ठेवून पाहावींत. एकांत सुजलेले सांधे आठवडेच्या आठवडे छळतात. दुसऱ्यांत वेदना भयंकर, परंतु ती ताप सरतांच बहुतांशीं सरते. तरी वैद्यकग्रंथकारांनीं पुढें दीर्घकाळ या दोहोंना एकाच रोगाचे आद्य दाखले म्हणून सांगितलें.

आतां नांवाकडे येऊं. झांजीबार बेटावर १८७० सालीं अशीच सांधे धरणारी साथ उसळली. तेथें जेम्स क्रिस्टी नांवाचा डॉक्टर होता. त्याच्या कानीं आलें कीं, गांवांतील वृद्ध लोकांना हा ताप नवा नाहीं. १८२३ सालीं तो येऊन गेला होता आणि तेव्हांही त्याला 'की-डिंगा पेपो' असेंच म्हणत. दुष्ट पिशाच्चानें एकाएकीं आणलेला झटका, असा त्याचा भावार्थ. त्या पहिल्या साथीच्या मागोमाग १८२४ सालीं कलकत्त्यास आणि १८२७-२८ सालीं वेस्ट इंडीज बेटांत तसाच ताप आला, व त्या बेटांतच 'डेंग्यू' हा शब्द रूढ झाला. 'डिंगा'चाच 'डेंग्यू' झाला, हा क्रिस्टीचा तर्क. इंग्रजी बोलणाऱ्या बेटांत त्याच तापाला 'डँडी' म्हणत. आखडलेल्या अंगानें चालणारा रोगी नटव्या छानछोक्यासारखा दिसे म्हणून! थट्टा क्रूर असली तरी निरीक्षण खोटें नाहीं. नांवें ठेवण्यांत सामान्य लोक वैद्यांहून अधिक डोळस ठरले, असें आम्हांस वाटतें.

पुढें १९४३-४४ सालीं जपानांत होत्ता व किमुरा यांनीं आणि अमेरिकेच्या साबिन यांनीं विषाणु वेगळे केले, ते मात्र हाडमोड्या तापाचे. डेंग्यू हें नांव त्यांच्याकडे कायमचें गेलें. सांधे धरणारा ताप बिननांवाचा राहिला. १९५२-५३ सालीं टांगानिकांतील माकोंडे पठारावर साथ आली तेव्हां मॅरियन रॉबिन्सन व लम्सडेन यांनीं तिचें वर्णन केलें, आणि रॉस यांनीं विषाणु शोधला. तो अगदींच निराळा निघाला. माकोंडे लोक या तापाला 'वांकवून टाकणारा' म्हणत. त्यांच्या भाषेंतला तो शब्द 'चिकुनगुन्या' हाच शास्त्रानें स्वीकारला.

१९६४ सालीं वेल्लोर येथें डेंग्यू व चिकुनगुन्या एकाच वेळीं पसरले असतां डोनाल्ड केरी यांनीं दोहोंचा अभ्यास केला. त्यांनींच १९७१ सालीं जुनीं टिपणें तपासून असें मांडलें कीं, बटाविया व झांजीबार येथील साथी चिकुनगुन्याच्या होत्या. त्या वेळच्या डॉक्टरांना दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं पाहिलें तें बरोबर लिहिलें, म्हणूनच दोनशें वर्षांनंतर चूक उमगली.

आपल्याकडे १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें चिकुनगुन्याची मोठी साथ झाली, आणि नंतर सुमारें तीस वर्षें हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला. २००६ सालीं देशांत संशयित रोग्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. बार्शीनंतर व्यवसायांत पडलेल्या डॉक्टरांच्या एका सबंध पिढीनें हा रोग पुस्तकांतच वाचला होता.

दोन्ही तापांचा वाहक एकच, साठवणीच्या पाण्यांत वाढणारा एडिस डास. पहिल्या दोन-तीन दिवसांचीं लक्षणेंही सारखींच. परंतु सांध्यांच्या दुखण्यावर म्हणून ॲस्पिरिनसारखी गोळी दिली आणि ताप डेंग्यूचा निघाला, तर रक्तस्राव वाढण्याचें भय असतें. शिवाय डेंग्यूंत ताप उतरूं लागतो तीच वेळ धोक्याची. घरचीं माणसें तेव्हांच निर्धास्त होतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत तयार झालेल्या चाचण्या आज जिल्ह्याजिल्ह्यांत पोंचल्या आहेत. तथापि आरंभीं विषाणूचा अंश शोधावयाचा असतो, आणि रक्तांतील प्रतिपिंडें साधारण पांच दिवसांनंतर सांपडतात. चुकीच्या दिवशीं चुकीची चाचणी केली तर रोग असूनही 'नाहीं' असें उत्तर येतें. म्हणून आरोग्यसेविकेनें किंवा डॉक्टरानें पहिली गोष्ट विचारावयाची ती ताप कोणत्या दिवशीं आला ही. बायलॉननें तारीखच नव्हे तर वेळही टिपून ठेविली होती. आमच्या पाहण्यांत आलेल्या कित्येक चिठ्ठ्यांवर 'ताप, अंगदुखी' एवढेंच असतें.