त्रेपन्न नंबरची बाटली

परळला आचार्य दोंदे मार्गावर, के. ई. एम. रुग्णालयाच्या शेजारी, झाडांच्या गर्दीत एक जुनी भव्य वास्तू उभी आहे. हाफकिन संस्था म्हणून आज ती सर्वांना ठाऊक आहे. मुळात तो पाद्र्यांचा मठ होता. पुढे तेथे मुंबईचे गव्हर्नर राहू लागले. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीला याच वाड्यात पटकीने मृत्यू आला, आणि त्यानंतर गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड मलबार हिलकडे हलविले. रोगाने मोकळा केलेला हा वाडा १८९९ साली रोगाशीच लढणाऱ्या माणसाला मिळाला, हा दैवाचा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. तो माणूस म्हणजे वाल्देमार हाफकिन.

ओडेसा शहरात १८६० साली जन्मलेला हा ज्यू तरुण डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत त्याने पटकीची लस तयार केली आणि तीच घेऊन तो हिंदुस्थानात आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि तिच्या बाहेरची पडवी, एवढीच. त्या अपुऱ्या जागेत, गिरगाव-भुलेश्वरच्या चाळी ओस पडत असताना, त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ती कशी तयार होत असे, हे आपल्या गृहिणींना ऐकायला गंमत वाटेल. रसाने भरलेल्या चंबूत हाफकिन साजूक तुपाचे थेंब सोडीत. तूप वर तरंगे, आणि त्याच्या आधाराने प्लेगचे जंतू खाली लोंबत, गुहेच्या छतापासून दगडी सुळे लोंबावेत तसे. ते पुरेसे वाढले की चंबू तापवून जंतू मारायचे, वर कार्बोलिक आम्लाचा अंश घालायचा, आणि झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळला प्रयोगशाळा आल्यावर बाटल्या भरून देशभर जाऊ लागल्या.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. लसीची मागणी इतकी वाढली की जुन्या पद्धतीने ती पुरी होईना. तेव्हा हाफकिन यांनी जलद पद्धत अवलंबिली, आणि तीत कार्बोलिक आम्ल गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही तसेच करीत. पण पुढच्या प्रसंगात हाच बदल त्यांच्या अंगाशी आला.

३० ऑक्टोबर १९०२. दिवस दिवाळीचे होते. दुसऱ्याच दिवशी अमावस्या होती. पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या खेड्यात, जे आता पाकिस्तानात आहे, डॉ. इलियट यांनी १०७ माणसांना लस टोचली. त्यासाठी पाच बाटल्या उघडाव्या लागल्या. त्यांतल्या एकीवर ५३-एन असा नंबर होता. त्या बाटलीतून १९ जणांना लस दिली गेली. आठवड्याभरात त्या १९ जणांचे जबडे आवळले, अंगे धनुष्यासारखी ताठ झाली, आणि एकामागून एक ते सारे मरण पावले. रोग धनुर्वाताचा होता. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने दंड पुढे करणारी ती साधी माणसे होती. घराघरांत पणत्या लागण्याच्या दिवसांत त्यांनी टोचून घेतले आणि कार्तिकात त्यांच्या घरी सुतक आले. हा हिशेब आपण आधी मनाशी धरावा. पुढचा सारा वाद एका शास्त्रज्ञाच्या अब्रूचा आहे खरा, पण त्या वादाच्या तळाशी हे एकोणीस जीव आहेत.

सरकारने चौकशी नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे प्रमुख होते. बाटलीतले विष मुलकोवालला शिरले नाही, परळलाच, बाटली भरतानाच शिरले, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल का वगळले, हा सवाल हाफकिन यांच्यावर रोखला गेला. संचालकपद गेले, आणि १९०४ साली त्यांना हिंदुस्थान सोडून इंग्लंडला जावे लागले. जीवन देणाऱ्या माणसावर मृत्यू वाटल्याचा ठपका आला.

पण चौकशीच्या कागदांतच एक बारीकशी गोष्ट नोंदलेली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात खळबळवला, आणि त्याच चिमट्याने ५३ नंबरचे बूच उपसले. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात असतात. चिवटपणात त्यांचा हात कोणी धरणार नाही, आणि कार्बोलिकच्या पाण्यातल्या नुसत्या बुचकळीला ती मुळीच दाद देत नाहीत.

हिवतापाच्या शोधाबद्दल १९०२ सालीच नोबेल पारितोषिक मिळविलेले सर रोनाल्ड रॉस यांनी हा धागा हाती घेतला. त्यांचा युक्तिवाद आपल्यालाही सहज समजेल असा आहे. परळला भरल्यापासून मुलकोवालला उघडेपर्यंत त्या बाटलीला ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तिच्यात एवढे दिवस वाढले असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी आली नव्हती. शिवाय तयार विष अंगात गेले असते, तर ताठरा लवकर आला असता. तो आला आठवड्याने, म्हणजे जंतूंची ताजी बीजे अंगात रुजायला लागतो तेवढ्या वेळाने. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले, आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्याला. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली, आणि पाच वर्षांनी, १९३० मध्ये, लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आता वाचक विचारतील, या जुन्या कथेचा आपल्याशी काय संबंध? संबंध असा, की औषध तयार करण्यात कितीही विद्या खर्ची पडो, शेवटचा धोका उरतो तो ते उघडण्याच्या क्षणी. बुचाची बाटली म्हणजे अनेकांचे औषध एका तोंडात. लिमुझें नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने १८८६ साली वेगळी युक्ती काढली होती. एकाच मात्रेपुरती काचेची कुपी घ्यायची, औषध भरून तिचे तोंड ज्वाळेवर वितळवून बंद करायचे. मग बूच नको, चिमटा नको, आणि एकाचा दोष दुसऱ्याला नको. आज प्रत्येक दवाखान्यात दिसणारी इंजेक्शनची कुपी ती हीच.

पण कुपी झाली तरी ती फोडावी लागतेच, आणि फोडणारा हात माणसाचाच असतो. परिचारिका ती कशी फोडतात हे एकदा नीट पाहा. आधी नाव आणि मुदत वाचतात. वरच्या टोकात अडकलेले औषध टिचकी मारून खाली उतरवतात. मानेभोवती स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि ते वाळू देतात. कुपीवर ठिपका असेल तर तो आपल्याकडे करून त्यावर अंगठा ठेवतात, मानेला कापूस किंवा जाळीचे फडके गुंडाळतात, आणि मान झटक्यात मागे, स्वतःपासून दूर मोडतात. ठिपका वा रेघ नसेल तर आधी बारीक कानशीने खूण करतात. काचेचा कण आत पडू शकतो म्हणून गाळणीची सुई वापरतात, आणि टोचताना ती बदलतात. उरलेले औषध पुढच्या रोग्यासाठी ठेवीत नाहीत. फुटकी काच हाताने गोळा करीत नाहीत. कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती निळ्या खुणेच्या डब्यात जाते, सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

आणि काही जमिनीवर पडले तर? ते वापरीत नाहीत. दुसरे घेतात. एवढाच नियम, पण मुलकोवालला तो पाळला गेला असता तर एकोणीस घरांत त्या कार्तिकात रडारड झाली नसती, आणि परळच्या वाड्यातून एका मोठ्या माणसाला खाली मान घालून बाहेर पडावे लागले नसते.

तो मदतनीस दुष्ट नव्हता. रांग लांब असेल, उशीर होत असेल, आणि चिमटा एकदा पाण्यात बुडविला की झाले असे त्याला प्रामाणिकपणे वाटले असेल. आपल्या घरी कोणी इंजेक्शन द्यायला आले, तर त्यांना घाई करू नये, हात धुवायला पाणी आणि साबण आधीच काढून ठेवावा, उजेडाची जागा करून द्यावी. काही खाली पडले, तर नवीन आणायला आपणच धावावे. रोग्याच्या घरच्यांना एवढे नक्की करता येते.