कोष्टकाच्या पोटांतील कोष्टक

पंचांगाचें पान, आगगाडीचें वेळापत्रक आणि व्यापाऱ्याची खातेवही यांत एक गोष्ट समान असते. उभ्या-आडव्या घरांत मजकूर बसविला कीं शोधणाऱ्यास तो तत्काळ सांपडतो. ही युक्ति फार जुनी आहे. परंतु कागदावर रेघा मारणारा आणि त्या वाचणारा यांच्यामध्यें तिसरा कोणी नसतो. संगणकाच्या जाळ्यावरील पृष्ठाची गोष्ट तशी नाहीं. तेथें लेखक केवळ खुणा लिहितो. ‘येथें कोष्टक, येथें ओळ, येथें घर’ एवढेंच तो सांगतो. प्रत्यक्ष आखणी वाचकाच्या यंत्रांतील ब्राउझर करतो आणि कोणतें घर किती रुंद ठेवावें हेंही बहुधा तोच ठरवितो. एकाच आकाशावरून दोन पंचांगकर्ते कधीं कधीं सणाचे दोन निराळे दिवस काढतात. तसाच प्रकार येथें घडला.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनेव्हा येथील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं जाळ्याची योजना मांडली. पृष्ठें लिहिण्यासाठीं त्यांनीं एचटीएमएल ही जी खुणांची भाषा घडविली, तींत आरंभीं कोष्टकास स्थान नव्हतें. डेव्ह रॅगेट यांनीं १९९३ मध्यें तिच्या विस्ताराचा जो आराखडा लिहिला, त्यांत कोष्टकें आलीं. १९९५ सालीं नेटस्केप नॅव्हिगेटरच्या १.१ या आवृत्तींत तीं दिसूं लागलीं, आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनेंही तीं स्वीकारलीं. कोष्टकांच्या नियमांचा स्वतंत्र लेख मात्र मे १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रयोग आधीं आणि व्याकरण मागाहून, असा हा क्रम होता.

कोष्टकाचें मूळ काम आंकडे व माहिती मांडण्याचें. पण वर्तमानपत्राप्रमाणें पृष्ठाचे स्तंभ पाडण्याचें दुसरें सोयीचें साधन त्या वेळीं हातीं नव्हतें. सीएसएस ही मांडणीची स्वतंत्र भाषा डिसेंबर १९९६ मध्यें प्रसिद्ध झाली खरी. परंतु ब्राउझरांना ती नीट समजावयास कित्येक वर्षें लागलीं. तोंवर मांडणीकारांनीं कोष्टकाच्या रेघा अदृश्य केल्या आणि सबंध पृष्ठच त्यांत बसविलें. डेव्हिड सीगेल यांच्या १९९६ मधील पुस्तकानें ही रीति फार लोकप्रिय केली. डाव्या घरांत अनुक्रमणिका, उजव्या घरांत लेख, लेखाच्या घरांत चित्रासाठीं आणखी एक कोष्टक आणि त्यांतही एक, अशी पेटाऱ्यांत पेटी व पेटींत डबी सुरू झाली.

मतभेदाचें पहिलें मूळ येथें आहे. रुंदी सांगितलेली नसेल तेव्हां ब्राउझरास प्रत्येक घराचीं दोन मापें काढावीं लागतात. सर्वांत लांब शब्द न मोडतां मावेल तें किमान माप, आणि सगळा मजकूर एका ओळींत मावेल तें कमाल माप. मग उपलब्ध जागा या दोन मापांच्या आधारें सर्व घरांत वांटावयाची. ही वांटणी कोणत्या प्रमाणांत करावी, याविषयीं प्रत्येकाचें गणित थोडें निराळें होतें. घरांत दुसरें कोष्टक असलें तर आधीं आंतल्याचीं मापें घ्यावयाचीं, मग बाहेरचें ठरवावयाचें आणि शेवटीं आंतलें पुन्हां मांडावयाचें. प्रत्येक कोष्टकास दोन फेऱ्या आणि बाहेरच्याच्या प्रत्येक फेरींत आंतल्याच्या दोन, असा हिशेब धरला तर एकांत एक अशा पांचव्या कोष्टकाच्या ३२ फेऱ्या होतात. १९९७ सालच्या नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तींत अशीं पोटकोष्टकें वाढलीं कीं पृष्ठ फार रेंगाळत असे.

दुसरा भेद अधिक बोधप्रद आहे. कोष्टक संपल्याची खूण लिहावयाची राहिली, तर इंटरनेट एक्स्प्लोरर ती गृहीत धरून पृष्ठ दाखवीत असे. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तींत मात्र तें कोष्टक मुळींच दिसत नसे. सबंध पृष्ठच कोष्टकांत बसविलेलें असल्यास वाचकापुढें कोरी पाटी येई. आंतल्या व बाहेरच्या कोष्टकांच्या खुणांची गुंतागुंत असली म्हणजे ही चूक सहज होई. चूक मनांतल्या मनांत सुधारून वाचणारा परीक्षक विद्यार्थ्यास ती कळूं देत नाहीं. त्याचप्रमाणें केवळ उदार ब्राउझरांत पृष्ठ तपासणाऱ्या लेखकास आपला दोष दिसत नसे आणि त्याची शिक्षा दुसऱ्या ब्राउझरच्या वाचकास भोगावी लागे. तरीही दोन ब्राउझरांपैकीं नियम कोणी मोडला होता, असें म्हणतां येत नाहीं. शुद्ध कसें लिहावें हें नियमांत होतें; अशुद्ध लिहिलेलें कसें वाचावें हें त्यांत पुरतेपणीं नव्हतें.

शुद्ध वाचनानेंही कधीं कधीं घोटाळा केला. चित्राचे तुकडे करून ते शेजारशेजारच्या घरांत जोडण्याची प्रथा होती. जुने ब्राउझर घर चित्राएवढेंच करीत. नियमानें चालणाऱ्या ब्राउझरास मात्र चित्र हें ओळींतल्या अक्षरासारखें. आणि देवनागरींत उकारासाठीं जशी खालीं जागा लागते, तशी रोमन अक्षरांच्या शेपट्यांसाठीं तो चित्राखालीं जागा सोडी. परिणामीं जोडलेल्या चित्रांना फटी पडल्या. अखेर २००२ मध्यें मोझिलानें या एका बाबतींत जुनी चाल राखणारी मधली वाचनपद्धति निर्माण केली.

या सर्वांत ज्याला फटी दिसतच नव्हत्या, त्या अंध वाचकाची अडचण निराळी होती. त्याचें यंत्र पृष्ठ वाचून दाखवितें, आणि तें खुणांच्या क्रमानें वाचतें. केवळ शोभेसाठीं कोष्टकांत कोष्टकें घातलीं कीं त्याच्या कानीं लेखापूर्वीं सगळी अनुक्रमणिका येई. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ च्या नियमांत, निव्वळ मांडणीसाठीं कोष्टकें वापरूं नयेत, असें बजावलें होतें. पण पर्यायी साधन दुबळें असतांना उपदेश फारसा चालत नाहीं.

खरा उपाय पुढें झाला. ऑक्टोबर २०१४ मध्यें प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्यें चुकलेली खूणही सर्वांनीं कशी वाचावी, हें पायरीपायरीनें लिहिलें गेलें. घराबाहेर पडलेला मजकूर कोठें न्यावा, कोष्टकांत घराविना दुसरें कोष्टक आल्यास पहिलें कोठें संपलें मानावें, हेंही ठरलें. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत स्तंभ-ओळींच्या मांडणीचें ‘ग्रिड’ हें साधन मिळूं लागलें, आणि कोष्टकास पुन्हां आपलें मूळचें काम करण्यास मोकळीक झाली. रुंदीच्या वांटपाचें गणित मात्र जून २०११ च्या सीएसएस २.१ मध्येंही बंधनकारक केलेलें नव्हतें.

भांडण मिटविण्यास अधिक शुद्ध लेखक लागले नाहींत. चुका होणारच हें मान्य करून, त्या सर्वांनीं एकाच रीतीनें वाचाव्यात असा करार लागला. तो लिहून निघावयास पहिल्या कोष्टकापासून जवळजवळ वीस वर्षें गेलीं.