गळ्यातली पाटी

आज मी तुम्हाला ब्रिटनच्या पश्चिमेला, वेल्समध्ये नेतोय. काळ १९व्या शतकाचा.

गावात सगळे वेल्श बोलणारे, शाळा मात्र इंग्रजीत. कुणी वेल्श बोललं की मास्तर त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. काही तुकड्यांवर नुसतंच 'डब्ल्यू एन' कोरलेलं असायचं. म्हणजे 'वेल्श नॉट'.

खरी मेख पुढे आहे. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात. शेवटी ज्याच्याकडे राहील, त्याला शिक्षा. आता मास्तरांनी पहारा द्यायची गरजच काय? मुलंच एकमेकांवर टपून बसायची. १८४७च्या सरकारी अहवालात तर नोंद आहे की मुलं चोरपावलांनी वर्गमित्रांच्या घरी जायची, आईबापांशी कोण वेल्शमध्ये बोलतंय ते पकडायला!

बरं, असा काही कायदा नव्हता. शाळा आपापल्या करायच्या. इंग्रजी आलं तर पोरगं पोटाला लागेल, म्हणून अनेक पालकांनाही ते चालायचं. इंग्रजी शिकवण्यात वावगं काहीच नव्हतं. पण त्यासाठी आईशी बोलणं गुन्हा ठरवलं गेलं.

२०व्या शतकात जपानच्या ओकिनावा बेटांवरही हेच झालं. तिथल्या पाटीचं नाव 'होगेन फुदा', म्हणजे बोलीची पाटी.

आपल्या वर्गात पाटी नाही, हे खरं. पण 'पानी' म्हणणाऱ्या पोराला सर एकदा हसले, की पुढचं काम अख्खा वर्ग करतो.