पेटीखालचे चाक

चाकाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा रथावर चढतो आणि मग खाली उतरण्याचे नाव घेत नाही. कुरुक्षेत्र, तोफांचे गाडे, आगगाडी आणि शेवटी मोटार अशी मोठी मिरवणूक निघते. या मिरवणुकीला एका चाकाला कोणी बोलावीत नाही. ते चाक म्हणजे घरातील सामानाखालचे. ज्या घरी गॅरेज आहे तेथे दिवाळीच्या आवराआवरीत सामानाची लाकडी ट्रॉली भिंतीपासून ओढून काढतात, मागचा केर लोटतात आणि तिला पुन्हा आत ढकलतात. काम दोन मिनिटांचे. परंतु हे दोन मिनिटांचे काम साधायला माणसाला चाक सापडल्यानंतर सुमारे पाच हजार वर्षे लागली, असे मी म्हटले तर वाचक हसतील. हिशेब मात्र खरा आहे, आणि त्यात आपल्याला थोडे ओशाळे व्हावे लागेल असाही एक भाग आहे.

आधी जुन्यात जुने चाक पाहू. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. ल्युब्लियाना ही त्याची राजधानी. या शहराजवळच्या दलदलीत २००२ साली संशोधकांना एक लाकडी चाक व त्याचा कणा सापडला. वय सुमारे ५१०० ते ५३५० वर्षे. एरवी एवढे जुने लाकूड कधीच माती होऊन गेले असते. पण दलदलीच्या चिखलात हवेचा शिरकाव नाही, म्हणून ते राहिले. चाकाचा व्यास ७२ सेंटिमीटर. चाक ॲश नावाच्या चिवट लाकडाचे, तर कणा ओकच्या टणक लाकडाचा. मधले भोक चौकोनी आहे, म्हणजे चाक कण्यावर फिरत नसे. चाक आणि कणा मिळून फिरत. आणि सुताराने लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. हे चाक एकाच फळीचे नाही. दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांना आडव्या पट्ट्यांनी एकत्र बांधले आहे. आज कोणीही लाकडी ट्रॉलीचा तळ फळ्यांचा करतो तेव्हा हेच करतो. पाच हजार वर्षांत त्या युक्तीत फरक पडलेला नाही.

आता घराजवळ येऊ. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबाद नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला खणताना काश्याच्या चार मूर्ती मिळाल्या. सर्वांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. त्यांतला दोन बैलांचा रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष यांचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. उरलेल्या तिघांकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत. ते आहेत गेंडा, हत्ती आणि रेडा. रेडा उभा आहे तो एका पाटावर, आणि त्या पाटाला चार भरीव चाके आहेत. हत्तीचाही असाच पाट आहे. त्याची चाके मात्र हरवली आहेत. या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, असे मानणारा पक्ष मोठा आहे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की जड वस्तू पाटावर ठेवावी, पाटाखाली चार चाके लावावीत आणि पाट ओढून न्यावा, ही कल्पना प्रवरेकाठच्या माणसांच्या डोळ्यांपुढे होती. आपली ट्रॉली याहून वेगळी काय आहे?

मग ती त्याच वेळी घरात का आली नाही? याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पायाखाली आहे.

आपली जुनी घरे आठवा. जमीन शेणाने सारवलेली, म्हणजे पायाला मऊ आणि चाकाला वैरी. ओटीवरून माजघरात जायचे तर उंबरठा, माजघरातून स्वयंपाकघरात जायचे तर दुसरा उंबरठा. गणित असे आहे की चाकाच्या निम्म्या उंचीइतका, म्हणजे त्याच्या त्रिज्येएवढा, अडथळा समोर आला तर ते चाक नुसते ढकलून कधीच वर चढत नाही, मग मागे कितीही जोर लावा. बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीला लागते ते उगीच नाही. पण छातीएवढे चाक पेटीखाली लावायचे कसे? आणि पेटीखाली मावणारे वीतभर चाक उंबरठ्यापाशीच हात टेकणार. म्हणून आपल्या घरांत कणगी, उतरंड, फडताळ, पेटारा यांनी आपापल्या जागा धरल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सोडल्या नाहीत. अपवाद सौराष्ट्राकडे सापडतो. तिकडचे पितळी पत्र्याने मढवलेले मोठमोठे लाकडी पटारे प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या काहींना खाली जाड लाकडी चाके असतात. चाके वळत नाहीत. पटारा पुढे येतो आणि मागे जातो, एवढेच.

दुसरे कारण माणसाच्या पाठीवर आहे, आणि ओशाळे व्हावे लागते ते येथे.

जेथे ओझे वाहणारी पाठ फुकट किंवा स्वस्त मिळते तेथे चाक सुचले तरी त्याची निकड कोणाला भासत नाही. वाड्यात गडी होते, पेठेत हमाल होते आणि घराघरांत बायका होत्या. विहिरीवरून पाण्याचे हंडे, रानातून सरपण, माळ्यावरून बंब आणि परात. हे सारे डोक्यावरून आणि कमरेवरून आले. 'माथाडी' हा शब्दच पाहा. माथ्यावर ओझे घेणारा तो माथाडी. एका माणसाचे डोके हे ओझे ठेवण्याची जागा मानून आपल्या भाषेने त्याला नाव दिले, आणि ते बोलताना आपल्याला काही खटकले नाही.

ओझ्याचा भार कोणावर पडतो याचा विचार जेथे झाला तेथे साधनही बदललेले दिसते. चीनमध्ये सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वीपासून एकचाकी हातगाडी आहे. तिचे मोठे चाक बरोबर मध्यावर असते, म्हणून जवळजवळ सारे वजन चाकावर येते. माणसाने तोल सांभाळायचा आणि ढकलायचे. युरोपात ही गाडी बाराव्या-तेराव्या शतकात दिसू लागली. तेथे चाक अगदी पुढच्या टोकाला गेले. त्यामुळे वजनाचा मोठा वाटा ढकलणाऱ्याच्या हातांत राहिला. चाक हातभर सरकले की एखाद्याचे खांदे आयुष्यभर दुखतात किंवा वाचतात.

घरात चाक शिरण्यासाठी आणखी एक गोष्ट हवी होती. चाकाला जागच्या जागी वळता यायला हवे होते. इंग्लंडात अठराव्या शतकापासून मेज-खुर्च्यांच्या पायांना लहान फिरती चाके दिसतात. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी डेव्हिड फिशर नावाच्या कृष्णवर्णीय कारागिराने १४ मार्च १८७६ रोजी सामानाखालच्या अशा चाकाच्या सुधारणेचे पेटंट घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने सुतारांच्या शिकंज्याचे पेटंट मिळवले होते; म्हणजे लाकूडकाम आणि ते उचलण्याचे कष्ट त्याला ठाऊक असणारच. त्या देशात गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. ज्यांच्या पाठींनी दोन शतकांहून अधिक काळ ओझी वाहिली त्या समाजातला मनुष्य पेटीखाली चाक बसवीत होता, हा योगायोग मला नुसता योगायोग वाटत नाही.

फिरत्या चाकाची मेख साधी आहे. ज्या खिळ्यावर ते वळते त्याच्या बरोबर खाली त्याचा कणा नसतो, थोडा मागे असतो. म्हणून पेटी जिकडे ढकलावी तिकडे चाक आपोआप तोंड फिरवते. गाईच्या मागे दावे धरून चालणारे पोर गाय वळली की वळते, तसेच.

युक्ती हाती आली तरी माणसाचे मन लवकर वळत नाही. १९३७ साली ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने पाहिले की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरते. त्याने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांचा टोपलीगाडा करविला. लोक त्याला हात लावीनात. तरुण पुरुषांना आपण दुबळे दिसू अशी भीती, आणि बायका म्हणत की आजवर बाबागाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे! शेवटी गोल्डमनने पैसे देऊन निरनिराळ्या वयांची माणसे नेमली आणि दुकानात त्यांच्याकडून गाडे ढकलविले, तेव्हा कोठे गिऱ्हाइकांची भीड चेपली.

प्रवासी बॅगेची कथा याहून विलक्षण आहे. मनुष्य १९६९ साली चंद्रावर उतरला. त्यानंतर १९७० साली बर्नार्ड सॅडो हा अमेरिकन व्यापारी विमानतळावर दोन जड बॅगा उचलून घामाघूम झाला असताना त्याला एक कामगार चाकांच्या फळीवर भले मोठे यंत्र सहज ढकलीत नेताना दिसला. त्यावरून त्याने बॅगेला चाके लावली. १९७२ साली पेटंट मिळाले. दुकानांनी प्रथम नकारच दिला. बॅग उचलणे हे पुरुषाचे काम आणि फारच जड असेल तर हमाल आहेच, मग चाक कशाला? चंद्रावर जाणाऱ्या मानवाला आपल्या बॅगेखालचे चाक दिसले नाही ते या हमालाच्या पाठीमुळे. ती मध्ये उभी होती.

आता आपल्या गॅरेजात येऊ. वाड्यांना पूर्वी गाडीखाना असे. पुण्यात मंडईच्या बाजूला 'गाडीखाना' हे नाव अजून चालते. गॅरेज हा त्याचा वारस. त्यात मोटार असो वा स्कूटर, उरलेली जागा घरातले जड सामान बळकावते. आमच्याही गॅरेजात रंगाचे डबे, हत्यारांची पेटी, दाराची जुनी फळी आणि या सर्वांचा राजा म्हणजे तांब्याचा बंब. त्यांच्यासाठी मी एक लाकडी ट्रॉली बांधली. लांबी चार फूट, रुंदी दोन फूट, उंची साडेतीन फूट आणि तीन खण. तळाला जाड लाकडाची चौकट, तिच्यावर १९ मिलिमीटरचे प्लायवुड. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास गुण्या पुरत नाही. दोन्ही कर्ण दोरीने मोजावे, ते सारखे आले तर चौकट सरळ. वर्गात फळ्यावर शिकविलेली भूमिती अशी लाकडात उतरली की तिचा वेगळाच आनंद होतो.

चाके चार इंची घेतली. गॅरेजाच्या खडबडीत कोब्यावर दोन इंची चाक प्रत्येक खड्ड्यात थबकते. पुढची दोन सरळ आणि मागची दोन फिरती, अटकाव असलेली. चारही फिरती घेतली तर ट्रॉली लांब अंतरावर भरकटते. वजनाचा हिशेब चाराने नव्हे, तिनाने करावा. कोबा कोठेही सपाट नसतो, आणि एक चाक बहुधा अधांतरी राहते. माझे सामान ट्रॉलीसकट १२० किलो धरले, म्हणजे दर चाकावर ४०. मी ६० किलोंची चाके घेतली. ती स्क्रूने न बसवता आरपार नट-बोल्टने बसवावीत, कारण ढकलताना लागणारा हिसका स्क्रू उपटतो. सर्वांत जड वस्तू सर्वांत खाली, आणि प्रत्येक खणाच्या कडेला बोटभर उंच पट्टी, म्हणजे डबे निसटत नाहीत.

बंब खालच्या खणात बसला. तो वसुबारसेच्या सुमारास बाहेर काढणे हे आमच्या घरी वर्षानुवर्षे आईचे काम. ट्रॉली झाली त्या दिवाळीत तिने ती एका हाताने ओढली, अंगणापर्यंत नेली, परत आणली आणि म्हणाली, "अरे, हे आधी का नव्हतं?"

या लेखात मी उत्तर शोधतो आहे ते तिच्याच प्रश्नाचे. लाकूड होते. चाक होते. सिमेंटचा कोबा येऊनही बरीच वर्षे झाली होती. बंब बाहेर येत होता, म्हणून तो कसा येतो हे पाहण्याची गरज कोणाला पडली नव्हती.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याने मजुरीला नोंद आली, पाठीमागे मंडळ आले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. हे सारे व्हायला विसाव्या शतकाची साठ-सत्तर वर्षे जावी लागली. आणि अजून बाजारपेठांत पोती पाठीवरून उतरतातच.

या दिवाळीत ज्याच्याकडे जागा असेल त्याने अशी एखादी ट्रॉली अवश्य बांधावी; सुट्टीतले तीन-चार दिवस पुरतात आणि मुलांच्या हातांनाही काम मिळते. बांधताना एका गोष्टीकडे लक्ष जावे. स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरखाली आपण चाकांचे लोखंडी कडे ठेवतो, कारण भरलेला सिलिंडर ३० किलोंच्या घरात जातो आणि तो हातभर सरकवणेही आपल्याला जड वाटते. तोच सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर येतो तो एका माणसाच्या खांद्यावरून. जिन्याला चाक चालत नाही, हे खरे. पण तो दारात आला की त्याला आधी बसायला सांगावे, पाणी द्यावे, आणि फराळाच्या ताटाची सुरुवात त्या दिवशी त्याच्यापासून करावी.