पडद्यावरचा पांढरा कोणी ठरवला?

फोटो एडिटिंगसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि कॅलिब्रेटर पडद्यावर टेकवला, की सॉफ्टवेअर आधी तीन गोष्टी विचारतं: पांढरा किती केल्विनचा हवा, गॅमा किती हवा आणि उजेड किती. ६५००, २.२ आणि १२० ही उत्तरं बहुधा आधीच भरलेली असतात. फार थोडे जण ती बदलतात. मग काही मिनिटं पडद्यावर रंगीत चौकोन येतात आणि जातात, एक प्रोफाइल तयार होते, आणि आता आपल्याला रंग 'खरे' दिसणार अशी खात्री वाटू लागते. माझं म्हणणं असं की या तीन आकड्यांत निसर्गाचा वाटा थोडा आणि धंद्यांचा मोठा आहे. टीव्हीवाले, छापखानेवाले, ऑफिसची यंत्रं विकणारे यांनी आपापल्या अडचणींतून वाट काढताना केलेल्या तडजोडी एकावर एक रचल्या गेल्या, आणि त्या रचनेलाच आज आपण अचूक रंग म्हणतो. एवढ्यावरून कॅलिब्रेशन निरर्थक ठरत नाही. त्याचा उपयोग नेमका कशात आहे, ते मात्र या इतिहासाशिवाय कळत नाही.

रंग आकड्यांत मांडायची आजची पद्धत सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या, म्हणजे सीआयईच्या बैठकीत पक्की झाली. तिथे एक 'प्रमाण निरीक्षक' मान्य झाला: सरासरी माणसाचा डोळा कोणत्या तरंगलांबीला किती दाद देतो, याचं कोष्टक. ही सरासरी कोणाची? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डेव्हिड राइट यांनी तपासलेल्या १० जणांची आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी तपासलेल्या ७ जणांची. एकूण १७ माणसं, तीही इंग्लंडातच तपासलेली. त्यांना रंग दाखवले ते अवघ्या दोन अंशांच्या खिडकीतून. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहावं, साधारण तेवढ्या जागेत. आज बाजारात मिळणाऱ्या कॅलिब्रेटरमधले फिल्टर किंवा त्यामागचं गणित याच कोष्टकाची नक्कल करतं. उपकरण नवं असलं तरी ते पाहतं त्या १७ जणांच्या डोळ्यांनी.

पांढऱ्याची कथा याहून मजेदार आहे. ६५०० केल्विन म्हणून डी६५ नावाचा जो पांढरा आपण निवडतो, त्याला 'दिवसाचा उजेड' म्हणतात. १९६४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या तीन शास्त्रज्ञांनी दिवसाच्या उजेडाच्या ६२२ मोजण्या एकत्र करून त्याचं सूत्र बसवलं. या मोजण्या झाल्या अमेरिकेतल्या रॉचेस्टरला, कॅनडातल्या ओटावाला आणि इंग्लंडातल्या एनफिल्डला. तिन्ही ठिकाणं उत्तरेकडची. विषुववृत्ताजवळचं ऊन त्या बेरजेत आलंच नाही. (रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या दुपारचा फोटो आपण जुळवतो तो अशा उजेडाशी.) शिवाय ६५०० हा आकडाही काटेकोर नाही. प्रकाशाच्या सूत्रातला एक स्थिरांक पुढे सुधारला गेला, त्यामुळे डी६५ प्रत्यक्षात ६५०४ केल्विनवर जाऊन बसला. नाव मात्र तेच राहिलं. टीव्हीच्या धंद्याने डी६५ उचलला. छपाईच्या धंद्याने मात्र त्याहून पिवळसर डी५० धरून ठेवला, कारण प्रूफ तपासायच्या दिव्याचं प्रमाण तेच होतं. म्हणून आजही पडदा डी६५ वर आणि शेजारी धरलेली प्रिंट डी५० च्या दिव्याखाली, अशी जोडी स्टुडिओत सर्रास दिसते, आणि दोन्हींना पांढरं मानायचं काम आपला मेंदू मुकाट्याने करतो.

गॅमाचा २.२ आला काचेच्या नळीतून. जुन्या पिक्चर ट्यूबला दिलेलं व्होल्टेज दुप्पट केलं तर उजेड दुप्पट व्हायचा नाही, पाचपटीहून अधिक वाढायचा. इलेक्ट्रॉन गनचा तो स्वभाव होता. टीव्हीच्या इंजिनिअरांनी विचार केला की लाखो घरांतल्या प्रत्येक संचात दुरुस्तीचं सर्किट बसवण्यापेक्षा प्रक्षेपणाच्या बाजूला, कॅमेऱ्यापाशीच, सिग्नल उलटा वाकवून ठेवू. संच स्वस्त पडतील. निव्वळ पैशाचा हिशोब होता. पण योग असा की माणसाचा डोळाही अंधारातले फरक जास्त टिपतो आणि उजेडातले कमी, त्यामुळे हा वाकवलेला सिग्नल डोळ्याच्या चालीला जवळजवळ बरोबर बसला आणि पुढे आठ बिटांत फोटो मावू शकला. अॅपलने मात्र बराच काळ १.८ वापरला. मॅकिंटॉशवर पानं जुळवणाऱ्यांना पडद्यावरची करडी छटा लेझररायटर प्रिंटरच्या कागदावर पसरणाऱ्या ठिपक्यांशी मिळतीजुळती हवी होती. परिणाम असा की मॅकवर नीट दिसणारा फोटो विंडोजवर काळवंडायचा, आणि विंडोजवरचा मॅकवर फिका पडायचा. हा घोळ अॅपलने २००९ मध्ये, स्नो लेपर्डच्या वेळी, २.२ स्वीकारून मिटवला. तोवर नळीचे मॉनिटर दुकानांतून जवळजवळ गेलेच होते. एलसीडीचा मूळ स्वभाव वेगळा आहे, त्याची वक्ररेषा इंग्रजी 'एस'सारखी वळते. म्हणून पॅनेलच्या आतलं सर्किट मुद्दाम नळीची नक्कल करतं. नळी मोडीत निघाली, पण तिच्या खोडीला प्रमाणाचा मान मिळाला.

आता कोणी म्हणेल, पडद्याचं एवढं कौतुक कशाला? छापखान्यातली जुनी माणसं पडद्याकडे पाहायचीसुद्धा नाहीत. हे खरंच आहे. रंगीत छपाईच्या पूर्वतयारीत पडदा दीर्घकाळ बिनभरवशाचा मानला गेला. ऑपरेटर पाहायचा ते टक्के: गोऱ्या किंवा गव्हाळ त्वचेत पिवळा मॅजेंटापेक्षा किंचित जास्त आणि सायन त्यांच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा असला, की चेहरा कागदावर ठीक येणार हे तो पडदा बंद करूनही सांगू शकायचा. गिऱ्हाइकाची सही व्हायची ती ड्युपॉंच्या क्रोमालिनसारख्या प्रूफवर. त्या काळी आणि त्या कामासाठी ही पद्धत योग्यच होती, कारण शाई एक, कागद ठरलेला आणि छापखाना ओळखीचा. एकाच फाइलला पुढे कुठे जायचंय हे माहीत नसलं, की मात्र टक्के मुके होतात.

नव्वदच्या दशकात नेमकी हीच अडचण उभी राहिली आणि तिला दोन परस्परविरोधी उत्तरं आली. १९९३ मध्ये अॅडोबी, अॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, अॅग्फा वगैरे आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, म्हणजे आयसीसी, स्थापन केलं. त्यांचा मार्ग असा की प्रत्येक यंत्राने आपल्या रंगांची ओळखचिठ्ठी, म्हणजे प्रोफाइल, जवळ बाळगावी आणि व्यवहार त्या चिठ्ठ्यांवरून व्हावा. तीनच वर्षांनी ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी पुढे आणला. त्याचा मार्ग साधा: चिठ्ठी कोणी बाळगणार नाही हे गृहीतच धरा, आणि ज्या फोटोवर काहीच लिहिलेलं नाही तो सरासरी मॉनिटरचा समजा. रंग घेतले नव्या एचडी टीव्हीच्या प्रमाणातून, उजेड धरला ८० कँडेला आणि खोली मानली मंद, ६४ लक्सची. हा सगळा थाट नळीच्या मॉनिटरचा होता. छपाईच्या लोकांना एसआरजीबी पसंत पडला नाही आणि त्यांची तक्रार रास्त होती, कारण शाईने सहज छापता येणारे काही निळसर-हिरवे त्यात मावत नाहीत. पण जिंकला तोच. वापरणाऱ्याकडून त्याची अपेक्षा काहीच नव्हती, हे त्याच्या विजयाचं कारण मला सगळ्यात पटतं.

छपाईवाल्यांना हवा असलेला मोठा रंगपट्टा आला तो चुकीतून. १९९८ च्या फोटोशॉप ५ साठी अॅडोबीने टीव्हीच्या एका जुन्या प्रमाणाच्या कागदपत्रांतून काही आकडे उचलले. ते प्रमाणातले प्रत्यक्ष वापराचे आकडे नव्हतेच, एका आदर्श कल्पनेचे होते, आणि त्यातही लाल रंगाचा आकडा उतरवताना चूक झाली. चूक लक्षात येईपर्यंत वापरणाऱ्यांना तो ऐसपैस पट्टा आवडला होता. कंपनीने आकडे तसेच ठेवले आणि नाव बदलून 'अॅडोबी आरजीबी (१९९८)' केलं. आज चांगल्या कॅमेऱ्यांच्या मेनूत हा पर्याय गंभीर चेहऱ्याने बसलेला असतो. तो निवडून काढलेला फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या लॅबकडे गेला, की लग्नाच्या अल्बममधले शालू मळकट येतात. मग दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो.

लॅपटॉप या सगळ्यात उशिरा आला, आणि आला तोही ऑफिसच्या दाराने. पत्रं आणि हिशोब वाचता यावेत आणि बॅटरी टिकावी, एवढंच त्याच्या पडद्याचं काम होतं. स्वस्त टीएन पॅनेल मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलायचं, आणि आठऐवजी सहाच बिटं वापरून बाकीच्या छटा ठिपक्यांच्या खेळाने भासवायचं. आजही साध्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं सापडतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं प्रमाण. उजळ चित्र हवं म्हणून टीव्ही बनवणाऱ्यांनीच त्यातले फॉस्फर लवकर सोडून दिले, म्हणजे ज्या मापाने टीव्हीही फार काळ बनले नाहीत त्या मापाने लॅपटॉप विकला जातो. शेर-पायली बंद झाल्यावरही काही बाजारांत भाव त्यांतच सांगत, तसलाच हा प्रकार. फोटोसाठी पडदा घेणाऱ्याने एवढंच ध्यानात ठेवावं की एनटीएससीच्या ७२ टक्क्यांचं क्षेत्र साधारण पूर्ण एसआरजीबीएवढं असतं. ४५ टक्के म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही अपुरे, आणि हे कोणत्याही कॅलिब्रेटरने भरून निघत नाही. जे रंग पॅनेल दाखवूच शकत नाही, ते प्रोफाइल तरी कुठून आणणार?

लॅपटॉपवाल्यांनी प्रयत्नच केले नाहीत असं मात्र नाही. २००८ मध्ये लेनोव्होने थिंकपॅड डब्ल्यू७०० काढला. १७ इंची पडदा, अवजड शरीर, आणि मनगट टेकवायच्या जागेत बसवलेला रंगमापक सेन्सर. सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि झाकण लावायचं. पडदा सेन्सरवर येऊन बसतो, अंधारात आपले रंग एकेक करून दाखवतो, आणि काम झालं की यंत्र आवाज देतं. झाकण उघडावं तर पडदा जुळलेला. कल्पना इतकी सरळ होती की ती सगळीकडे का गेली नाही, याचं आश्चर्य वाटावं. लॅपटॉपचा धंदा पातळ आणि हलक्या यंत्रांकडे वळला, हे त्याचं उत्तर. त्यानंतर आलेल्या सोयींनी उलटी दिशा धरली. खोलीचा उजेड पाहून पडदा आपोआप मंद होतो, रात्री पिवळा पडतो, बॅटरीवर गेला की चित्रानुसार कॉन्ट्रास्ट बदलतो. २०१८ पासून मॅकबुक प्रोमध्ये ट्रू टोन आलं, ते तर खोलीतल्या दिव्याप्रमाणे पांढराच हलवतं. वाचणाऱ्याच्या डोळ्याला यात सुख आहे. फोटोवाल्याला मात्र कॅलिब्रेटर बाहेर काढण्याआधी या सगळ्या सोयी एकेक करून बंद कराव्या लागतात, आणि उजेड १२० कँडेलाच्या आसपास खाली आणावा लागतो. ३०० किंवा ५०० कँडेलाच्या झगमगाटात फोटो दुरुस्त करणारा माणूस नकळत तो गडद करत जातो. 'प्रिंट काळपट आली' या नेहमीच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. फोटो पाहणारे तर मोबाईलवर पाहणार, आणि त्यांच्यापैकी कोणाचाच पडदा जुळवलेला नसणार. मग एकट्याने प्रमाण पाळून काय मिळवायचं? याचं उत्तर एसआरजीबीच्या इतिहासातच आहे. हजार पडदे हजार दिशांना चुकलेले असतात, कोणी निळा, कोणी पिवळा, कोणी भडक. त्यांच्या मधोमध कुठेतरी ते जुनं, ठरवून घेतलेलं प्रमाण आहे, आणि मोबाईल बनवणारेही आपला पडदा त्याच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या आसपास ठेवतात. त्या मध्यावर तयार झालेला फोटो प्रत्येक पडद्यावर फक्त त्या पडद्याच्या चुकीएवढा बिघडतो. निळ्याकडे झुकलेल्या पडद्यावर केलेल्या फोटोत मात्र करणाऱ्याने भरपाईचा पिवळा आधीच घातलेला असतो. तो प्रत्येक पाहणाऱ्याकडे जातो, आणि पिवळ्या पडद्यावर तर दुप्पट होतो.

दुसरा आक्षेप भौतिकशास्त्राच्या बाजूने येतो: उपकरण तरंगलांब्या मोजतं, त्यात तडजोड कसली? अलीकडच्या पडद्यांनीच याचं उत्तर दिलं. सोनीचे व्यावसायिक ओएलईडी मॉनिटर स्टुडिओत आले तेव्हा मापक दोन्हींना डी६५ म्हणत असूनही जुन्या नळीच्या मॉनिटरशेजारी त्यांचा पांढरा वेगळा दिसू लागला. ओएलईडीच्या रंगांचे पट्टे अरुंद, नळीचे रुंद, आणि १९३१ च्या कोष्टकात निळ्या टोकाची संवेदना कमी धरलेली. ती त्रुटी १९५१ सालीच दाखवून कोष्टक दुरुस्तही करून झालं होतं. शेवटी सोनीने त्या दुरुस्त कोष्टकावरून पांढरा मुद्दाम थोडा सरकवण्याची शिफारस केली. सीआयईने २००६ आणि २०१५ मध्ये डोळ्याच्या शंकूपेशींवर आधारलेली अधिक चांगली कोष्टकं प्रसिद्ध केली आहेत. पडद्यांचा धंदा त्यांच्याकडे वळलेला नाही, कारण एसआरजीबीपासून सिनेमाच्या प्रमाणापर्यंत प्रत्येक फाइलमधला प्रत्येक आकडा जुन्या कोष्टकात लिहिलेला आहे. तेव्हा ज्याच्या टेबलावर लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर शेजारी शेजारी आहेत, दोन्ही कॅलिब्रेट केलेले आहेत आणि तरी पांढरा जुळत नाही, त्याने एका पडद्याचा पांढरा नजरेने जुळवून घ्यावा आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये ६५०० च्या जागी लिहावा.