खताचे आधिक्य : नेदरलँड्समधील एक कायदेशीर प्रयोग

नेदरलँड्सच्या दक्षिण व पूर्व भागांतील रेताड जमीन मूळची निकस. तेथे शेणखत हीच शेतकऱ्याची ठेव होती आणि ती नेहमी अपुरी पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉटरडॅम बंदरातून सोयाबीन, टॅपिओका इत्यादी परदेशी पशुखाद्य विपुल येऊ लागले आणि पशुसंख्येवरील जमिनीचे बंधन सुटले. चारा परमुलखात पिकला. मलमूत्र मात्र येथेच साचले. नायट्रेट भूजलात, तर फॉस्फेट ओढ्याकालव्यांत उतरू लागले. ज्याला धन म्हणावयाचे, त्यालाच डच भाषेत ‘आधिक्य’ हे पद जोडावे लागले.

१९८४ साली अंतरिम कायद्याने डुकरे व कोंबड्या यांच्या पालनविस्तारास आळा घातला. १९९१ च्या युरोपीय नायट्रेट निर्देशाने पशुखतातील नत्राची मर्यादा दर हेक्टरी वर्षाला १७० किलो ठरविली. डच शासनाने मात्र १९९८ पासून, दाट पशुसंख्येच्या शेतांपासून आरंभ करून, ‘मिनास’ ही जमाखर्चाची पद्धत अवलंबिली. खाद्य व खत यांतून शेतावर आलेले नत्र-फॉस्फेट आणि दूध, मांस इत्यादींतून बाहेर गेलेले, यांतील शिल्लक अनुज्ञेय प्रमाणाहून वाढल्यास तीवर आकारणी होई.

हा हिशेब सूक्ष्म होता खरा; परंतु तो हानी घडून गेल्यानंतरचा होता. निर्देशास खत घालण्यापूर्वीचीच मर्यादा अभिप्रेत होती. २००३ साली युरोपीय न्यायालयाने हाच दोष दाखविला आणि २००६ पासून तेथे खतवापराची प्रत्यक्ष प्रमाणे लागू झाली. जमीन किती पशू पोसू शकते, हा जुनाच प्रश्न अशा रीतीने कायद्याने पुन्हा उभा केला.